कामाची गाडी आहे, पण चालवायला जीवावर येतं: विकायची की ठेवायची?

आमची गाडी २०१६ची. उंच छत, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, मागची सीट पाडली की युरियाच्या चार गोण्या बसतात. नऊ वर्षांत तिनं मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. सासूबाईंना रात्री दोन वाजता सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून. तरीही सकाळी चावी हातात घेतली की मन मागे सरायचं. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावापासून माझी शाळा २६ किलोमीटरवर, म्हणजे रोजचे ५२. आयुष्यातला एवढा वेळ ज्या गाडीत जातो ती आवडत नाही, हे घरात बोलायला मला दोन वर्षं लागली. गावात ज्याच्या दारात चारचाकी आहे त्यानं नावड सांगायची म्हणजे लोकांना माज वाटतो.

मला तो माज वाटत नाही. नको असलेली गाडी माणूस घाईनं चालवतो, देखभाल टाळतो, लांबचं काम असलं तर जाणंच पुढे ढकलतो. मी सासूबाईंची डोळ्यांची तपासणी दोनदा पुढे ढकलली, आणि खरं कारण एवढंच होतं की मला तेवढा वेळ गाडी चालवायची नव्हती. त्या दिवसापासून मी हा प्रश्न नीट सोडवायला घेतला. त्याला चौदा महिने लागले. तुम्हाला इतके लागू नयेत म्हणून क्रमानं लिहिते.

पहिलं काम: नावड नेमकी कशाची ते लिहून काढा

शंभर पानी वही घ्या आणि गाडीतच ठेवा. पंधरा दिवस प्रत्येक फेरीनंतर दोन ओळी लिहायच्या: आज कुठे, कशानं नकोसं झालं. "गाडी बोर आहे" असं लिहायचं नाही. जागा आणि कारण लिहायचं. माझ्या वहीत पंधरा दिवसांत हे निघालं: डावा गुडघा दुखतो. स्टिअरिंग डावीकडे ओढतं. दुपारी एसी असून नसल्यासारखा. खड्ड्यातून खड्खड् आवाज. आणि सहा वेळा एकच नोंद: महामार्गावर ट्रक मागे टाकताना पोटात गोळा आला.

ही यादी समोर आली की तिचे तीन ढीग करा. एक कंटाळ्याचा, एक त्रासाचा, एक भीतीचा. तिन्हींची औषधं वेगळी आहेत आणि लोक इथेच चुकतात.

कंटाळा बहुतेक वेळा गाडीचा नसतो, रस्त्याचा आणि कामाचा असतो. तोच २६ किलोमीटरचा रस्ता, त्याच वळणावर तेच बाभळीचं झाड, डिक्कीत फवारणीचा पंप आणि मागच्या सीटवर बाजाराच्या पिशव्या. नवी गाडी आणली तरी तिसऱ्या महिन्यात हाच रस्ता राहणार आहे. याची परीक्षा सोपी आहे. एका रविवारी गाडी धुवा, आतलं सगळं सामान काढा, आणि एकट्यानं किंवा आवडत्या माणसासोबत कामाशिवाय कुठेतरी जाऊन या. अमरावतीकडचे लोक चिखलदऱ्याचा घाट चढून येतील, आम्ही वर्ध्याला पवनार आश्रमापर्यंत गेलो. त्या दिवशी गाडी बरी वाटली तर तुमचं भांडण गाडीशी नाही. तरी वाटली नाही, तर पुढे वाचा.

त्रास म्हणजे शरीराला होणारा. तो बहुतांशी दुरुस्त होतो, आणि याच ढिगानं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

भीतीला मात्र हलकं समजू नका. तुम्हाला गाडी चालवताना भीती वाटते आणि तुम्ही ती "मजा येत नाही" अशा शब्दांत सांगता, असं खूपदा होतं. माझंही तेच होतं. बायका हे लपवतात, कारण भीती म्हटलं की लगेच "मग तू चालवू नको" असं ऐकावं लागतं. भीती खरी आहे का ते कागदावर तपासता येतं. भारतात नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाकं जाम होत नाहीत असे) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाच्या बाजूची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये दोन्ही नसण्याची शक्यता मोठी. माझ्या गाडीत दोन्ही नव्हतं. म्हणजे पोटातला गोळा उगाच नव्हता.

दुसरं काम: विकायचा विचार बाजूला ठेवून गाडी एकदा दुरुस्त करा

त्रासाची यादी घेऊन मी तालुक्याच्या मिस्त्रीकडे गेले. त्यानं गाडी चालवून पाहिली, मग मला चालवायला लावून स्वतः शेजारी बसला. परत आल्यावर म्हणाला, "मॅडम, गाडीचं काम आहे थोडंसं. पण खरी गोष्ट सांगू काय? हे सीट तुमच्यासाठी बनलंच नाही. तुम्ही पुढं सरकून सरकून क्लच दाबून राहिल्या."

नऊ वर्षं. माझी उंची पाच फूट एक इंच. सीट वर-खाली होत नाही, म्हणून बोनेट दिसायला मी पुढे वाकून बसायची आणि क्लच पूर्ण दाबायला डाव्या कुशीवर कलायची. रोज ५२ किलोमीटर.

तेव्हा आधी बसण्याची जागा बघा. पाठ पूर्ण टेकलेली असताना क्लच तळापर्यंत दाबला जावा आणि तरी गुडघ्यात थोडा वाक राहावा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत साधारण २५ सेंटीमीटर अंतर हवं, एअरबॅग असेल तर ते नक्कीच पाळा. उंची कमी पडत असेल तर सीटमेकरकडून फोम वाढवून घ्या. सुटी उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवू नका, जोराचा ब्रेक लागला की ती आणि तुम्ही दोघंही पुढे घसरता. माझ्या सीटला मागच्या बाजूला दीड इंच फोम वाढवला आणि कव्हर पुन्हा शिवलं. १,८०० रुपये लागले. गुडघा तीन आठवड्यांत थांबला.

त्यानंतर टायर. आमच्याकडे पंक्चरवाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून कारपर्यंत अंदाजानं हवा भरतो आणि जास्त भरली की ग्राहक खूश होतो, असा त्याचा अनुभव आहे. जास्त हवेची गाडी प्रत्येक दगडावर उडते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत किती हवा हवी ते छापलेलं असतं. सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजून तेवढीच ठेवा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: "२३१६" असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर विदर्भाच्या उन्हात टणक होतं. आवाज वाढतो, धक्के वाढतात आणि पहिल्या पावसात ब्रेक नीट लागत नाहीत. माझे टायर गाडीइतकेच जुने निघाले. चार टायर, १४,४०० रुपये. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं), ठरावीक वेगाला थरथरत असेल तर बॅलन्सिंग (चाकांचं वजन सारखं करणं). गाडी उभी असताना थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग तपासा. खड्ड्यातली खड्खड् बहुतेक वेळा सस्पेन्शनच्या घासलेल्या बुशची (सांध्यातल्या रबरी कड्यांची) असते, शॉकअप बदलायला लागतातच असं नाही. आधी बुश बघायला सांगा.

एसीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५-४६ च्या वर जातो आणि तेव्हा एसी ही गरजच असते. आमच्या भागात एसी कमकुवत होण्याचं एक कारण म्हणजे कापूस. दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालतात, त्यांचे तंतू उडतात आणि कंडेन्सरच्या (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीत जाऊन धुळीसोबत फेल्टसारखा थर जमतो. समोरून दिसतही नाही. गॅस भरून घेण्याआधी ही जाळी धुऊन घ्या. पाण्याचा जोर कमी ठेवा, नाहीतर पातळ पत्रे वाकतात. केबिन फिल्टरही बदला. माझ्या फिल्टरमध्ये सोयाबीनचा भुसा आणि उंदरानं आणलेली सुतळी निघाली. उंदीर निघाला म्हणजे वायरिंगसुद्धा बघायचं. गाडी कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाशेजारी उभी करत असाल तर आधी जागा बदला.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर घासून घ्या आणि प्रकाशाची उंची लावून घ्या. रात्री गाडी नकोशी वाटण्याचं कारण नुसतं एवढंच असू शकतं.

माझा सगळा खर्च २२,४०० झाला: टायर १४,४००, बुश आणि मजुरी ४,२००, सीट १,८००, एसी १,२००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ८००. एक मर्यादा मात्र आधी ठरवा. गाडी आज जेवढ्याला विकली जाईल त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त या टप्प्यावर घालू नका, आणि पैसे अशाच कामावर घाला जे सुरक्षिततेचं आहे किंवा ज्यामुळे घेणाऱ्यालाही फरक पडतो. नवी म्युझिक सिस्टीम आणि मॅगव्हील यात बसत नाहीत.

मग एक महिना तशीच चालवा आणि वहीत लिहीत राहा. माझ्या नोंदी अर्ध्यावर आल्या. पोटातला गोळा तेवढा राहिला.

तिसरं काम: गाडीचं वर्षभराचं काम मोजा

शहरातल्या माणसाला गाडीचा हिशेब महिन्यावरून लागतो. आपल्याकडे तो लागत नाही. मार्चमध्ये जी गाडी नुसती दारात उभी असते तीच मृगात खत-बियाणं वाहते, श्रावणात फवारणीचं पाणी नेते, दिवाळीनंतर मजूर बायकांना वावरात सोडते आणि मे महिन्यात लग्नाची माणसं भरते. म्हणून हिशेब पोळा ते पोळा करा. मागचं वर्ष आठवून काढायचं असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर काढा. दूध, सिलिंडर, मजुरी, दवाखाना, सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि त्यातून गाडी कुठे गेली ते बरोबर सापडतं.

माझ्या हिशेबात मागची सीट पाडावी लागली अशा फेऱ्या वर्षात ३१ निघाल्या. चारपेक्षा जास्त माणसं बसली अशा १८. पांदण रस्त्यानं वावरापर्यंत गाडी गेली ती फक्त ९ वेळा, कारण काळ्या मातीत पाऊस झाला की कुठलीच कार जात नाही, मग बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर. मला वाटत होतं ही गाडी नसली तर शेतीच थांबेल. थांबणार नव्हती.

प्रत्येक फेरीपुढे लिहा की गाडी नसती तर काय केलं असतं आणि किती लागले असते. कृषी केंद्रवाला खत घरपोच देतो का? शेजाऱ्याचा छोटा मालवाहू टेम्पो किती घेतो? यातली एक ओळ पैशात मोजू नका: रात्रीचा दवाखाना. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिच्यावर विसंबावंच लागतं, पण घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतपण असेल तर दारात चालू स्थितीतली चारचाकी असणं वेगळं. जुनी विकून नवी यायच्या मध्ये दोन महिने गाडीच नाही, असं या काळात होऊ देऊ नका.

माझ्या धाकट्या दिरांनी हा हिशेब केला नव्हता. त्यांच्याकडे सात जणांची व्हॅन होती, लांबच्या रस्त्याला फार थकवायची. मे महिन्यात कंटाळून विकली आणि छान दिसणारी सेडान घेतली. जूनमध्ये पहिलं खत आलं तेव्हा डिक्कीचं तोंड अरुंद, गोणी आडवी जाईना. त्या खरिपात त्यांनी भाड्याच्या गाड्यांवर जे पैसे घातले ते वर्षभर जेवताना बोलून दाखवत होते. गाडी वाईट नव्हती, चुकीच्या घरी आली होती.

आणखी एक. "ही गाडी लग्नसराईत कमावून देते" म्हणून ती ठेवायचा विचार असेल तर थांबा. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्यानं चालवता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि सगळं घरावर येतं. ती कमाई हिशेबात धरूच नका.

चौथं काम: पैशाचं गणित, आनंदासकट

माझे आकडे देते, तुम्ही तुमचे भरा. शाळेच्या २२ दिवसांचे ५२ प्रमाणे महिन्याला १,१४४ किलोमीटर. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १६, पेट्रोल लिटरला १०५ धरलं तर महिन्याला साडेसात हजार. नव्या गाडीनं २० दिलं तर सहा हजार. म्हणजे बचत दीड हजार. शोरूममध्ये हा दीड हजाराचा आकडा फार मोठा करून दाखवतात.

आता दुसरी बाजू. जुनीचे मिळणार ३ लाख २० हजार. मनातली गाडी रस्त्यावर येते साडेआठ लाखांना. फरक ५ लाख ३० हजार. तो साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर घेतला तर हप्ता ११,१३० च्या आसपास आणि एकूण व्याज १ लाख ३८ हजारांच्या जवळ. पेट्रोलची बचत वजा केली की महिन्याला साधारण ९,६०० उरतात. जुन्या गाडीची देखभाल वाढत जाणार म्हणून त्यातून हजार-दीड हजार आणखी कमी करा. उरलेले आठ हजार ही आवडीची आणि सुरक्षिततेची किंमत.

आठ हजार रुपये महिना. हा आकडा घरात मोठ्यानं म्हणून बघा. मी म्हटला तेव्हा नवरा गप्प बसला, कारण पगार माझा होता पण कापसाचा भाव कोणाच्या हातात नव्हता. हप्ता दर महिन्याला येतो आणि शेतीचा पैसा वर्षातून एकदा. हप्ता फक्त पगारातून भागत असेल तरच कर्ज घ्या. "माल निघाला की भरू" यावर घेऊ नका. मी शेवटी नवीऐवजी तीन वर्षं वापरलेली, दोन एअरबॅगची गाडी शोधली आणि फरक २ लाख १० हजारांवर आणला. नव्या गाडीवर भरलेला एकरकमी रस्ता कर विकताना परत येत नाही. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला तो ११ टक्के आहे. पहिल्या मालकानं तो भरलेला असतो, हा वापरलेल्या गाडीचा मोठा फायदा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भावही खाली येतो. तेव्हा शेजाऱ्यानं २०२४ मध्ये किती घेतले, तो भाव मनात धरून बसू नका.

गाडी बारा-तेरा वर्षांची असेल तर आणखी एक तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करावी लागते. तिचं शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये आहे, तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. ही तारीख दीड-दोन वर्षांवर आली की गिऱ्हाईक भाव पाडतं. विकायचीच असेल तर त्याआधी विका.

पाचवं काम: हवी असलेली गाडी आपल्या रस्त्यावर चालवा

शोरूमसमोरचा गुळगुळीत डांबरी रस्ता तुमचा नाही. ओळखीत कोणाकडे ती गाडी असेल तर एक दिवस मागा, पेट्रोल भरून द्या. तुमच्या शाळेच्या किंवा दुकानाच्या रस्त्यानं न्या, गावच्या नाल्यावरच्या रपट्यावरून न्या, खाली घासते का बघा. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला मागे बसवा आणि उतरवा. सासूबाई एका गाडीतून उतरल्या त्या दाराला धरून, आणि म्हणाल्या, "चांगली हाय वो बाई, पण याच्यात बसाचं म्हणजे विहिरीत उतरल्यावानी होते." ती गाडी मी तिथेच सोडली.

मागे वजन टाकून पाहा. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. दोन गोण्या आणि तीन माणसं घेऊन चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कशी ओढते ते बघा. आणि भीती हे तुमचं कारण असेल तर ओव्हरटेक करून बघा. नागपूर-तुळजापूर महामार्ग जवळ असेल तर तिथे, शेजारी अनुभवी माणूस घेऊन.

सासूबाईंचा शेवटपर्यंत आग्रह होता, "गाडी इकू नोको." त्यांना त्या रात्रीचा सेवाग्रामचा प्रवास आठवत होता. मी त्यांना वाद घालून पटवलं नाही. नवी गाडी दारात आल्याशिवाय जुनी जाणार नाही, एवढा शब्द दिला आणि पाळला.

ठरवताना

मे महिन्याच्या दुपारी ठरवू नका. गाडी बंद पडली त्या आठवड्यात किंवा भाचीच्या लग्नात दुसऱ्याची गाडी बघून आल्यावरही नको. दुरुस्ती झालेली असावी, वही भरलेली असावी, मगच बसा. वहीत फक्त कंटाळा उरला असेल तर माझ्या मते गाडी ठेवा. त्रास दुरुस्तीनंतरही शिल्लक असेल, म्हणजे पाठ-गुडघा दुखतोच, तर विका. शरीर झिजवण्याइतकी कुठलीही गाडी उपयोगी नसते. भीती उरली असेल आणि गाडीत एअरबॅग-एबीएस नसेल तर विका, फक्त बदल्यात सुरक्षित गाडी घ्या. नुसती देखणी घेऊन उपयोग नाही. माझ्या वहीत भीती उरली होती.

विकायचं ठरलं तर

वेळ महत्त्वाची. जून ते ऑगस्ट शेतकऱ्याचा पैसा जमिनीत असतो. पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही. सोयाबीन विकलं गेलं, पहिल्या वेचणीचा कापूस गेला की दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन फिरतं. जानेवारी लागला की गाडी कागदावर एक वर्षानं म्हातारी होते.

भाव किमान तीन ठिकाणी काढा: तालुक्याचा दलाल, यवतमाळ किंवा नागपूरचा जुन्या गाड्यांचा डीलर, आणि शोरूमचा एक्स्चेंज. शोरूममध्ये आधी जुन्या गाडीचं नावच काढू नका. नव्या गाडीचा भाव लेखी घ्या, मग जुनी दाखवा. नाहीतर इकडे वाढवलेलं तिकडे कापून घेतात.

गावातच विकत असाल तर गाडीचे दोष स्वतःहून सांगा आणि करारात लिहा. शहरात विकलेली गाडी पुन्हा दिसत नाही, गावात ती रोज समोरून जाते आणि घेणारा रोज दारात येऊ शकतो. मी लिहून दिलं: मागचा बंपर बदललेला, क्लचप्लेट वर्षभरात बदलावी लागेल, उंदरामुळे मागची वायर जोडलेली. शेजारच्या गावच्या भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्यानं ते वाचलं, पाच हजार कमी केले आणि घेतली. त्यानंतर एकही तक्रार आली नाही.

रोख व्यवहारात सांभाळा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. मार्केटमधून कापसाचे पैसे पिशवीत घेऊन येणारा प्रामाणिक माणूसही तुम्हाला अडचणीत आणू शकतो. बँकेतून घ्या, आणि पैसे खात्यात दिसल्यावरच चावी द्या. इसार घेतला तर त्याची पावती करा. नातेवाइकाला "हप्त्यानं देतो" या बोलीवर, नाव न बदलता गाडी देऊ नका. सगळ्यात जास्त घरं याच एका गोष्टीनं तुटलेली मी पाहिली आहेत.

आता कागद. इथे आळस केला तर बाकी सगळं वाया जातं. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक, मग गाडी कोणाच्याही ताब्यात असो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेच सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. म्हणजे तुम्ही विकलेल्या गाडीनं उद्या कोणाला उडवलं आणि नाव तुमचंच असलं, तर नोटीस तुमच्या घरी.

कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बँकेचं नाव राहिलेलं असतं. बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि ३५ क्रमांकाचा नमुना देऊन तो बोजा आधी काढा. वाहनावर जुन्या दंडाच्या पावत्या (चलान) बाकी असतील तर ऑनलाइन बघून भरा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या, ती नसेल तर आरटीओचं काम अडतं. पीयूसी आणि विमा चालू ठेवा. हस्तांतरणासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने लागतात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून दलालाच्या हाती देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरूनच सही करा. गाडी राज्यातच राहणार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस. आपल्याकडे पांढरकवड्याहून आदिलाबाद जवळ, वरूडहून मध्य प्रदेश जवळ, गिऱ्हाईक राज्याबाहेरचं निघू शकतं. मग २८ क्रमांकाच्या नमुन्यावर आरटीओची एनओसी लागते. ती हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका.

गाडी देताना दोन प्रतींत डिलिव्हरी नोट करा. त्यावर तारीख आणि वेळसुद्धा लिहा, "दुपारी ३.४० वाजता ताबा दिला" असं, आणि किलोमीटरचा आकडा. घेणाऱ्याच्या आधार-पॅनची सही केलेली प्रत, दोन साक्षीदार, आणि घेणाऱ्यासोबत गाडीपाशी उभं राहून काढलेला एक फोटो. चाचणीसाठी कोणी मागितली तर आधी त्याचं लायसन्स बघा आणि स्वतः शेजारी बसा.

विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नसतो. सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. बोनस राखून ठेवल्याचं पत्र विमा कंपनीकडून मागा. ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीला लावता येतं. माझे त्यातून साडेचार हजार वाचले. दलाल हे सांगत नाहीत. घेणाऱ्यालाही सांगा की त्यानं १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी.

फास्टॅग बंद करायला मी विसरले होते. गाडी देऊन सहाव्या दिवशी माझ्या मोबाइलवर टोल कापल्याचा मेसेज आला. काच साफ करून टॅग काढून घ्या आणि बँकेला बंद करायला सांगा.

त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघत राहा. माझ्या गाडीवर नवं नाव तेविसाव्या दिवशी दिसलं. त्या पानाचा फोटो काढून मी डिलिव्हरी नोटेसोबत फाइलला लावला, आणि दुसरी चावी, जी तोवर मुद्दाम घरी ठेवली होती, ती शाळेत जाताना गाडी घेणाऱ्या त्या भाऊंच्या मळ्यावर नेऊन दिली.